थाई दूरचित्रवाणीसाठी परदेशी मालिकेचे डबिंग: संहितेपासून प्रक्षेपणापर्यंत

थाई भाषेत डबिंगला ‘फाक’ म्हणतात आणि हा शब्द संस्कृतातल्या ‘वाक्य’ या शब्दापासून आलेला आहे. डबिंग करणारा कलाकार तो ‘नक फाक’, त्याच्यापुढे ठेवलेली संहिता ती ‘बोत फाक’ आणि ध्वनिमुद्रणाची खोली ती ‘हाँग फाक’. हे शब्द दूरचित्रवाणीबरोबर आलेले नाहीत. ‘खोन’ या थाई मुखवटानाट्यात नट चेहरा झाकून नाचतात, त्यामुळे त्यांना स्वतः बोलता येत नाही. रामकथेतले पद्य आणि संवाद बाजूला बसलेले निवेदक त्यांच्या वतीने म्हणतात, आणि तिथल्या पद्यमय निवेदनालाच मुळात ‘फाक’ हे नाव होते. एकाचे शरीर आणि दुसऱ्याचा आवाज ही जोडी थाई प्रेक्षकाच्या कानाला पडद्याच्या कितीतरी आधीपासून सवयीची आहे. थाई डबिंग समजून घ्यायचे असेल, तर ओठांच्या जुळणीपेक्षा या सवयीपासून सुरुवात करणे अधिक उपयोगाचे ठरते.

मुंबईत लिहिल्या आणि घडवल्या गेलेल्या हिंदी पौराणिक मालिका गेल्या दशकभरात थाई भाषेत डब होऊन तिकडे दाखवल्या गेल्या आहेत. स्टार प्लसवर २०१३ साली सुरू झालेले महाभारत त्यांपैकी एक. अशा मालिकेचे साहित्य थायलंडला पाठवणारे निर्मिती-विभागातले लोक, भाषांतरकार, ध्वनितंत्रज्ञ आणि डबिंगचे काम शिकणारे यांना पुढचे विवेचन उपयोगी पडावे, अशा हेतूने एका भारतीय मालिकेचा एक भाग डोळ्यांसमोर ठेवून मी ही प्रक्रिया मांडत आहे. चिनी, कोरियन आणि जपानी मालिकांचे दाखले जिथे मुद्दा अधिक स्पष्ट करतात, तिथे तेही घेतले आहेत.

आधीची वहिवाट

थायलंडमध्ये मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट यांच्या काळात चित्रपटगृहात बसून थेट संवाद म्हणणारे कलाकार तयार झाले. ‘थित ख्याव’ या टोपणनावाने ओळखले जाणारे सिन सीबुनरुआंग हे त्यांच्यातले आद्य मानले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ३५ मिलिमीटरची फिल्म महाग आणि दुर्मीळ झाली, तेव्हा थाई चित्रपट १६ मिलिमीटरवर, आवाजाशिवाय चित्रित होऊ लागले आणि प्रत्येक खेळाला डबिंग कलाकार मायक्रोफोनपुढे बसून सगळी पात्रे बोलू लागले. ही पद्धत १९७० च्या सुमारापर्यंत टिकली. खेडोपाडी औषधे विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या पडदा लावून चित्रपट दाखवीत, मधूनच खेळ थांबवून औषध विकीत, आणि संवाद व विक्री दोन्ही एकाच माणसाच्या आवाजात होत असे. एका माणसाने नायक, नायिका, खलनायक आणि म्हातारी असे सगळे आवाज काढणे ही तिथे कमाल कौशल्याची गोष्ट समजली जाई, आणि प्रेक्षक कोणता नट आहे याबरोबरच आवाज कोणाचा आहे हेही विचारून तिकीट काढीत.

२४ जून १९५५ रोजी बँकॉकच्या बांग खुन फ्रोम इथून चॅनल ४ सुरू झाले आणि हीच मंडळी दूरचित्रवाणीकडे वळली. पुढे चॅनल ७, १९७० मध्ये चॅनल ३ आणि नंतर चॅनल ९ यांच्यावर हाँगकाँग व तैवानच्या मालिका, अमेरिकन चित्रपट आणि जपानी कार्टून थाई आवाजात दिसू लागले. चॅनल ९ वर १९८२ साली आलेल्या डोरेमॉनचा थाई आवाज छन्थना थाराचन यांचा, आणि त्याच वाहिनीच्या कार्टून कार्यक्रमांचे निरान बुन्यरत्तफन हे तर एका जपानी कार्टूनमधल्या पात्राला आवाज दिल्यामुळे ‘ना तोय सेम्बे’ या नावानेच देशभर ओळखले जातात. ‘थाई आवाज: फन्थमित’ ही घोषणा एका संपूर्ण पिढीला पाठ आहे. फन्थमित हे डबिंग पथकाचे नाव, ‘बंध’ आणि ‘मित्र’ या आपल्याच शब्दांपासून झालेले. हाँगकाँगच्या विनोदी चित्रपटांत मूळ संवादाला स्थानिक कोट्यांची जोड देण्यासाठी हे पथक प्रसिद्ध झाले.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. थाई प्रेक्षक डबिंगला मूळ आवाजाची निकृष्ट नक्कल समजत नाही. तो त्याला स्वतंत्र कला समजतो आणि कानाने तिची पारख करतो. थाई डबिंगचे काम ‘फक्त भाषा बदलायची आहे’ असे समजून पाठवणारा निर्माता पहिल्या पायरीवरच चुकतो.

पहिली पायरी: पद्धत ठरवणे

बातमीतल्या परदेशी नेत्याचे बोलणे, माहितीपट आणि मालिका या तिघांना एकच पद्धत लावून चालत नाही. बातमीत मूळ आवाज बारीक करून त्यावर बातमीदाराचा किंवा निवेदकाचा आवाज चढवतात, किंवा खाली मजकूर देतात. तिथे अभिनय नको असतो. माहितीपटाला शांत, स्पष्ट उच्चारांचा एकच निवेदक बहुधा पुरतो. मालिका, चित्रपट आणि कार्टून यांनाच पूर्ण ‘फाक’ लागते, आणि पुढचे सगळे त्याबद्दल आहे.

दुसरी पायरी: साहित्य

डबिंग पथकाच्या हाती टाइमकोड, म्हणजे प्रत्येक क्षणाची वेळ आकड्यांत, दिसणारी चित्रफीत, संवादांची मूळ भाषेतली संहिता, तिचे इंग्रजी भाषांतर आणि संवाद वगळून केवळ संगीत व परिणामध्वनी असलेला ‘एम अँड ई’ ट्रॅक या चार गोष्टी पडल्या पाहिजेत. यातली एखादी नसली तरी काम थांबत नाही, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

इंग्रजी भाषांतराबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. हिंदी संवाद थाईत इंग्रजीमार्गे गेले, तर हिंदीतले ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये बुडतात, ‘चाचा’, ‘ताऊ’, ‘मामा’, ‘फूफा’ हे सगळे ‘अंकल’ होतात, आणि थाई भाषांतरकाराला ते पुन्हा अंदाजाने वर काढावे लागतात. थाई भाषेला हिंदीपेक्षाही बारीक भेद हवे असल्यामुळे हा अंदाज पदोपदी चुकू शकतो. म्हणून इंग्रजी संहितेबरोबर मूळ हिंदी संहिता पाठवावी, आणि तिच्याबरोबर पुढे वर्णन केलेला तक्ता पाठवावा. हे काम मुंबईतच, मालिका लिहिणाऱ्यांच्या मदतीने झाले पाहिजे, कारण नात्यांची माहिती त्यांच्याकडेच असते.

तिसरी पायरी: कोण कोणाला काय म्हणतो

थाई डबिंगचा हा गाभा आहे, आणि तो बिघडला तर उरलेले सगळे निर्दोष असूनही भाग फसतो.

मराठीत समोरच्यासाठी ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असे पर्याय आहेत, पण स्वतःसाठी मात्र ‘मी’ जवळजवळ सर्वत्र चालतो. थाईत ‘मी’ सुद्धा नात्यानुसार बदलतो. सभ्य पुरुष स्वतःला ‘फोम’ म्हणतो, औपचारिक बोलणारी स्त्री ‘दिछन’, जिवलगांत किंवा भांडणात ‘कू’ येतो आणि त्याला जोडून समोरच्यासाठी ‘मुंग’. लहान मुलगी मोठ्यांपुढे स्वतःला ‘नू’ म्हणते, ज्याचा शब्दशः अर्थ उंदीर. मोठा भाऊ धाकट्याशी बोलताना ‘मी’ न म्हणता ‘फी’ म्हणजे ‘थोरला’ म्हणतो आणि त्याला ‘नाँग’ म्हणजे ‘धाकटा’ म्हणतो. समोरच्यासाठी सर्वसाधारण सभ्य शब्द ‘खुन’ हा आपल्या ‘गुण’ या शब्दाचाच अवतार आहे. बौद्ध भिक्षू स्वतःला ‘आत्तमा’ म्हणतो, म्हणजे आत्मा. ऐतिहासिक किंवा पौराणिक कथेत ‘फोम’ आणि ‘खुन’ आधुनिक वाटतात. तिथे ‘खा’ म्हणजे मी, ‘चाव’ म्हणजे तू आणि आदरार्थी ‘थान’ ही जुनी सर्वनामे येतात. चिनी ऐतिहासिक मालिकांच्या डबिंगमुळे ही सर्वनामे थाई कानाला इतकी परिचित झाली आहेत, की भारतीय पौराणिक मालिकेतही प्रेक्षक त्यांचीच अपेक्षा करतो.

नात्यांची गोष्ट यापेक्षा अवघड आहे. थाईत वडिलांचा किंवा आईचा थोरला भाऊ तो ‘लुंग’. वडिलांचे धाकटे भावंड ते ‘आ’ आणि आईचे धाकटे भावंड ते ‘ना’. म्हणजे ‘मामा’ एवढे सांगून भागत नाही, मामा आईपेक्षा मोठा की धाकटा हेही सांगावे लागते. महाभारतातला शकुनी हे याचे उत्तम उदाहरण. दुर्योधनाच्या तोंडी त्याच्यासाठी ‘लुंग’ घालायचा की ‘ना’, हे शकुनी गांधारीपेक्षा थोरला मानायचा की धाकटा यावर ठरते, आणि हिंदी संहितेतल्या ‘मामाश्री’मधून ते कळत नाही. पहिल्या भागात एक आणि दहाव्या भागात दुसरे असे झाले, तर थाई प्रेक्षकाला ती दोन वेगळी माणसे वाटू शकतात. भीष्मांना ‘पितामह’ म्हणतात तिथे ‘थान पू’ सहज बसते, कारण ‘पू’ म्हणजे वडिलांचे वडील. आईचे वडील असते तर ‘ता’ लागले असते.

पत्नी पतीला काय म्हणते, हे आपल्या लोकांना चमत्कारिक वाटण्याजोगे आहे. ऐतिहासिक कथेत ती त्याला ‘थान फी’ म्हणते. ‘फी’ म्हणजे थोरला, आणि भावालाही तोच शब्द आहे; परंतु थाईत तो आधी वयाचा आणि आदराचा शब्द आहे, रक्ताच्या नात्याचा नंतर. हिंदी ‘आर्यपुत्र’ किंवा ‘स्वामी’ यांचे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा ‘थान फी’ अधिक जिवंत वाटते. शब्दकोश हाती धरून ‘फी’ म्हणजे भाऊ असे समजून हे बदलण्याचा आग्रह भारतीय परीक्षकाने धरू नये.

राजदरबार आला की ‘राचासप’ येतो. ‘राजा’ आणि ‘शब्द’ मिळून झालेला हा शब्द राजभाषेसाठी, म्हणजे राजघराण्याशी बोलताना वापरायच्या वेगळ्या शब्दसंग्रहासाठी आहे. साधा माणूस ‘किन’ म्हणजे खातो, राजा ‘सवोय’ करतो आणि भिक्षू ‘छन’ करतो. साधा माणूस ‘नोन’ म्हणजे झोपतो, राजा ‘बन्थोम’ करतो. राजपुत्र वडिलांना ‘सदेत फो’ म्हणतो. दरबारी पुरुष वाक्याच्या शेवटी ‘फ य ख’ लावतो आणि स्त्री ‘फे ख’. परदेशी राजाला उद्देशून ‘फा बात’ हे संबोधन रूढ आहे. त्यातला ‘बात’ हा आपला ‘पाद’, आणि सगळ्याचा अर्थ तळपाय. बोलणारा स्वतःला राजाच्या पायाशी ठेवून बोलतो, अशी त्यामागची कल्पना. थायलंडच्या राजाला उद्देशून वापरायचे ‘पायांखालच्या धुळी’पर्यंत जाणारे दीर्घ रूप मालिकेतल्या परदेशी राजासाठी वापरू नये. तिथे राजसंस्थेविषयीचे कायदे आणि भावना दोन्ही तीव्र आहेत. या बाबतीत थाई भाषांतरकाराचा शब्द अंतिम मानावा.

म्हणून प्रत्यक्ष कामाची रीत अशी असावी. एका मोठ्या तक्त्यावर डावीकडे बोलणाऱ्यांची आणि वर ऐकणाऱ्यांची नावे लिहावीत. प्रत्येक चौकोनात स्वतःसाठीचे सर्वनाम, समोरच्यासाठीचे संबोधन आणि वाक्याच्या शेवटचा अव्ययवजा शब्द अशा तीन नोंदी कराव्यात. नाते कोणत्या भागात बदलते, तेही तिथेच लिहावे. कर्ण सूतपुत्र म्हणून सभेत उभा राहतो तेव्हाचे आणि अंगदेशाचा राजा झाल्यानंतरचे त्याचे ‘मी’ वेगळे असले पाहिजे. कुंती त्याला आपण त्याची आई असल्याचे सांगते त्या प्रसंगात दोघांची संबोधने कोणत्या वाक्याला बदलतात, हे डबिंग दिग्दर्शकाने आधीच ठरवावे; त्या एका बदलात तो प्रसंग उभा राहतो किंवा कोसळतो. हिंदीत अभिनेता जे डोळ्यांनी दाखवतो, ते थाईत एका सर्वनामाने ऐकू येते. थाई डबिंगची खरी श्रीमंती मला इथे दिसते.

चौथी पायरी: नावे

भारतीय पौराणिक मालिकेत पात्रांची नावे परदेशी नसतात, हीच अडचण असते. थाई प्रेक्षकाकडे त्याचा स्वतःचा रामायणग्रंथ आहे; थायलंडचे राजे पहिले राम यांच्या काळात १७९७ साली ‘रामकियन’ची प्रमाण काव्यप्रत सिद्ध झाली. त्यात राम ‘फ्रा राम’ आहे, लक्ष्मण ‘फ्रा लक’, सीता ‘सीदा’, सुग्रीव ‘सुख्रीप’, बिभीषण ‘फिफेक’, लंका ‘लोंगका’ आणि रावण ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ. डब केलेल्या मालिकेत रावणाला ‘रावण’ ठेवावे की ‘थोत्सकान’ करावे? माझे मत असे, की परिचित नावे घ्यावीत, कारण ‘थोत्सकान’ ऐकताच थाई माणसाच्या मनात हिरव्या मुखवट्याचा तो भव्य राजा उभा राहतो आणि हा संस्कार फुकट घालवण्यासारखा नाही. मात्र जिथे संवाद नावाच्या व्युत्पत्तीवरच उभा असतो, उदाहरणार्थ कैलासाखाली हात सापडून आक्रोश केल्यामुळे ‘रावण’ हे नाव पडले असे शंकर म्हणतो, तिथे मूळ नाव एकदा येऊ द्यावे.

हनुमानाबाबत नाव बदलत नाही, स्वभाव बदलतो. रामकियनमधला हनुमान खट्याळ आणि प्रणयी आहे. सुफन्नमच्छा या मत्स्यकन्येवरचे त्याचे प्रेम तिथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. भारतीय मालिकेतला हनुमान ब्रह्मचारी भक्त. आवाज निवडताना केवळ मर्दानी, खेळकर आवाज घेतला तर भक्तीचे प्रसंग उथळ होतात, आणि अगदी गंभीर घेतला तर थाई प्रेक्षकाला तो आपला हनुमान वाटत नाही. दिग्दर्शकाने कलाकाराशी यावर आधी बोलून घेतले पाहिजे.

चिनी मालिकांत हाच प्रश्न निराळ्या वाटेने येतो. ‘तीन राज्ये’ या चिनी कादंबरीचा ‘साम कोक’ हा थाई अनुवाद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आणि त्यात नावे दक्षिण चीनच्या होक्क्येन उच्चारांनुसार आली. म्हणून आजही थाई डबिंगमध्ये त्साव त्साव हा ‘चो चो’ आणि ल्यू बेय हा ‘लाव पी’ म्हणूनच ओळखला जातो. न्यायाधीश बाव यांच्या मालिकेत त्यांना ‘पाव बुन चिन’ म्हणतात आणि दरबारी त्यांना ‘ताय थाव’, म्हणजे ‘पायाखाली’, असे संबोधतात.

संस्कृतोद्भव शब्दांचे थाई उच्चार ठरवताना तिथल्या राजबण्डित्यसभेचा, म्हणजे रॉयल सोसायटीचा कोश प्रमाण मानावा. ‘मित्र’ तिथे ‘मित’ होतो आणि ‘राज’ कित्येकदा ‘रात’. हे आपल्या कानाला खटकले तरी चूक नाही.

पाचवी पायरी: वाक्य, सूर आणि ओठ

थाई वाक्यात क्रियापद कर्त्यानंतर लगेच येते आणि नकार क्रियापदाच्या आधी येतो. हिंदी-मराठीत दोन्ही बहुधा शेवटी. ‘मैं तुम्हें कभी क्षमा नहीं करूँगी’ असे म्हणताना अभिनेत्रीचा चेहरा ‘नहीं’वर कठोर होतो, पण शब्दानुक्रमाने केलेल्या थाई वाक्यात नकार त्याआधीच उच्चारून झालेला असतो आणि चेहरा कठोर होताना तिथे केवळ ‘तुला’ उरतो. यावर उपाय म्हणजे वाक्य दोन तुकड्यांत तोडणे, किंवा नकार दुसऱ्यांदा, छोट्या शब्दाने त्या क्षणी आणणे. चांगला ‘बोत फाक’ लिहिणारा माणूस चित्र पाहत, स्वतः मोठ्याने बोलत लिहितो, त्याचे कारण हेच.

दुसरी अडचण सुरांची. थाईत पाच सूर आहेत, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘क्लाय’ एका सुरात म्हणजे दूर, आणि दुसऱ्या सुरात म्हणजे जवळ. ‘खाव’ सुरानुसार भात, पांढरा किंवा बातमी. स्वरांची लांबीही अर्थ बदलते. त्यामुळे आपल्याकडे ओठ जुळवण्यासाठी ‘नाहीऽऽ’ असे ओढून जे साधते, ते थाईत मोकळेपणाने करता येत नाही. रिकामी जागा भरायची ती वाक्याच्या शेवटच्या ‘ना’, ‘सि’, ‘ला’ अशा छोट्या शब्दांनी, श्वासाने किंवा हुंकाराने. स्त्रीच्या तोंडचा विनम्र ‘ख’ विधानात उतरत्या सुरात आणि प्रश्नात उंच सुरात येतो. संहितेत तो चुकीच्या खुणेने लिहिला गेला तर घाईत कलाकारही तो तसाच वाचू शकतो.

ओठांबाबत नियम सोपा ठेवावा. जवळच्या चित्रात ओठ मिटतात अशा जागी ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘म’ यांपैकी काहीतरी यावे, आणि वाक्याची सुरुवात व शेवट ओठांशी जुळावा. मधल्या भागात अर्थाला प्राधान्य द्यावे. ओठांसाठी संबोधन बदलणे मात्र कधीही करू नये. एकाक्षरी ‘हाँ’ला थाईत बऱ्याचदा पुरुषाच्या तोंडी विनम्र ‘ख्रप’ किंवा स्त्रीच्या तोंडी ‘ख’ पुरते, पण ‘येशील का?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर थाईत ‘येईन’ असेच द्यावे लागते. प्रश्नातले क्रियापद उत्तरात पुन्हा येते.

सहावी पायरी: आवाजांची निवड

थाई दूरचित्रवाणीच्या डबिंगमध्ये थोडे कलाकार अनेक पात्रे बोलतात, ही जुनी वहिवाट पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. त्यात कमीपणा नाही, पण नियोजन लागते. एकाच प्रसंगात एकमेकांशी बोलणारी दोन पात्रे एका कलाकाराकडे जाऊ नयेत, आणि ती पुढे कधी समोरासमोर येणार आहेत का, हे सर्व भागांचा सारांश पाहूनच ठरवावे. लहान मुलांचे आवाज बहुधा प्रौढ स्त्रिया देतात. मूल मोठे होऊन नवा अभिनेता येतो त्या भागाची नोंद आधीच असावी.

उच्चारांची कसोटी कडक असते. बँकॉकच्या रोजच्या बोलण्यात ‘र’चा ‘ल’ होतो आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण गळतो, म्हणजे ‘ख्रप’चा ‘खप’ होतो. निवेदक आणि डबिंग कलाकार यांच्याकडून मात्र ‘र’ आणि ‘ल’ यांचा भेद आणि जोडाक्षरांचा पूर्ण उच्चार अपेक्षित असतो.

एका बाबतीत मला तीव्रपणे सांगावेसे वाटते. नोकर, गावंढळ किंवा विदूषकी पात्राला ईशान्येकडच्या इसान प्रदेशाची बोली देऊन हशा मिळवण्याची प्रथा थाई मनोरंजनात जुनी आहे. आपल्याकडेही दासी किंवा गडी आला की त्याच्या तोंडी ग्रामीण बोली घातली जाते, त्यामुळे हे ओळखणे आपल्याला कठीण नाही. लाखो लोकांच्या मायबोलीला केवळ हसण्याचा विषय बनवणे अन्यायाचे आहे. मूळ मालिकेत पात्राची बोली खरोखरच वेगळी असेल आणि त्या वेगळेपणाला कथेत अर्थ असेल, तरच हा उपाय वापरावा.

सातवी पायरी: ध्वनिमुद्रण

पूर्वी सगळे कलाकार एका खोलीत, एका-दोन मायक्रोफोनपुढे बसून प्रसंग सलग म्हणत. त्यात संवादाला एकमेकांची ऊब मिळे. आता प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, कित्येकदा वेगळ्या वेळी घेतला जातो. दुरुस्ती सोपी होते, पण दोघांच्या भांडणात एकाचा आवाज चढतो आणि दुसऱ्याचा त्याला पोहोचत नाही. निदान मुख्य जोडीचे मोठे प्रसंग एकत्र घ्यावेत, आणि तेही शक्य नसेल तर दुसऱ्याचे आधी मुद्रित झालेले थाई संवाद कलाकाराच्या हेडफोनमध्ये द्यावेत.

कलाकाराने प्रथम प्रसंग मूळ आवाजात पाहावा, मग संहितेवर श्वासाच्या जागा खुणा करून घ्याव्यात, आणि मग मुद्रण करावे. भारतीय मालिकांत एका धक्कादायक वाक्यानंतर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो. त्या चेहऱ्यांना शब्द नसतात, पण दचकणे, सुस्कारा, रडण्याचा हुंदका असतो, आणि तो संहितेत लिहिलेला नसेल तर राहून जातो. म्हणून शब्दहीन प्रतिक्रियाही टाइमकोडसह लिहून काढाव्यात. सभा, युद्ध, बाजार यांतले गर्दीचे आवाज शेवटी सर्वांनी मिळून घ्यावेत.

गाणी आणि श्लोक

गाणी बहुधा मूळ भाषेतच ठेवून खाली अर्थ देणे चांगले. संस्कृत श्लोकांबाबतही मी हेच सुचवेन. थाई प्रेक्षकाला पाली मंत्रपठणाची सवय असल्यामुळे न समजणारे पठण त्याला परके वाटत नाही. श्लोकाचा अर्थ पुढच्या संवादासाठी आवश्यक असेल, तेव्हा मूळ पठण बारीक करून त्यावर निवेदकाचा गंभीर आवाज आणावा. खोनचा निवेदक तेच करत आला आहे.

आठवी पायरी: मिश्रण

‘एम अँड ई’ ट्रॅक असेल तर थाई आवाज त्यात बसवणे, मंदिर, गुहा, रणभूमी यांनुसार प्रतिध्वनी देणे आणि वाहिनीने दिलेल्या ध्वनिपातळीच्या मर्यादेत काम आणणे एवढेच उरते. तो नसेल, तर संवादाच्या जागी मूळ आवाज पूर्ण काढावा लागतो आणि त्याबरोबर पार्श्वसंगीत, पावले, तलवारीही जातात. मग त्या जागी नवे संगीत आणि परिणामध्वनी बसवावे लागतात. संवाद संपताच मूळ संगीत अचानक परत येते तो झटका ऐकणाऱ्याला फार बोचतो, म्हणून दोन्हींची सीमा संवादावर न ठेवता प्रसंगाच्या आरंभी किंवा शेवटी ठेवावी.

शेवटची तपासणी आणि प्रक्षेपण

२०१३ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या लिलावानंतर २०१४ पासून थायलंडमध्ये चोवीस व्यावसायिक डिजिटल वाहिन्या आल्या, आणि परदेशी मालिकांची गरज वाढली. या वाहिन्यांवर राष्ट्रीय प्रसारण व दूरसंचार आयोगाची वर्गवारी लागते: सर्वांसाठी, तेरा वर्षांवरील, अठरा वर्षांवरील इत्यादी. अठरा वर्षांवरील कार्यक्रम रात्री दहानंतरच दाखवता येतो. सिगारेट, मद्याची बाटली किंवा कोणावर रोखलेले पिस्तूल धूसर केले जाते. भाषेलाही हाच नियम लागतो. संध्याकाळच्या वेळेसाठी तयार केलेल्या भागात ‘कू–मुंग’ची भांडणे सौम्य करावी लागतात. ती सौम्य करताना तक्त्यातल्या इतर चौकोनांवर परिणाम होतो का, हे पाहावे, कारण अपमानाचा शब्द गेला आणि समोरच्याचा संताप तसाच राहिला, तर प्रसंग समजत नाही.

बुद्ध, भिक्षू आणि देवदेवता यांच्याविषयीचे संवाद थाई परीक्षकाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. विष्णूचा नववा अवतार म्हणून बुद्धाचा उल्लेख आपल्याला साधा वाटतो. थेरवादी बौद्ध प्रेक्षकासाठी तो तसा नाही.

अनेक वर्षे थाई वाहिन्या परदेशी कार्यक्रमाचा मूळ आवाज एफएम रेडिओवरून समांतर सोडत असत, आणि ज्याला मूळ भाषा ऐकायची तो दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून रेडिओ लावी. आता डिजिटल प्रक्षेपणात दोन ध्वनिपट्ट्या एकाच प्रवाहात जाऊ शकतात. दोन्ही पाठवायच्या असतील, तर फाईल देण्याआधी थाई आणि मूळ पट्टीवरच्या भाषेच्या खुणा खऱ्या आहेत की अदलाबदल झाली आहे, हे घरच्या साध्या टीव्हीवर भाग चालवून पाहावे. त्यानंतर भागाची पहिली दहा मिनिटे चित्र झाकून, तक्ता समोर ठेवून ऐकावीत, आणि प्रत्येक वाक्यापाशी बोलणारा कोण आणि ऐकणारा त्याच्यापेक्षा मोठा की धाकटा, हे केवळ कानाने ओळखता येते का याची खूण करत जावी. जिथे खूण करता येत नाही, ते वाक्य पुन्हा मुद्रित करावे.